गुरुवारचं पान

अंजना माने हिला नवं काही सापडलं की तिचा पाय जमिनीवर ठरत नाही. सांगलीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात ती ग्रंथपाल आहे. ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर आणि मानसोपचार विभाग तळमजल्यावर, त्यामुळे दिवसातून दहा वेळा तिची जिन्यावर ये-जा चालते. हातात कागद घेऊन ती उतरायला लागली की वॉर्डातल्या मावशा आधी आपल्या बादल्या बाजूला ओढतात. एकदा झोपेच्या विकारावरचा ताजा निबंध डॉक्टरांना दाखवायच्या घाईत ती चपला वरच विसरली आणि दिवसभर अनवाणी हिंडली. संध्याकाळी घरी निघताना पायाला खडा टोचला, तेव्हा कुठे बाईंच्या ते ध्यानात आलं.

ती मूळची रहिमतपूरची. वडील सुभेदार म्हणून सैन्यातून निवृत्त झालेले. घरात कुणी नुसतं "बघू" म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. बघू म्हणजे कधी, कोण बघणार, आणि बघितल्यावर कळवणार कुणाला, असे तीन प्रश्न पाठोपाठ यायचे. वडिलांचा राग अंजनानं उचलला नाही, पण ते तीन प्रश्न मात्र तिच्या अंगात भिनले.

अकरा वर्षांपूर्वी ती इथं रुजू झाली तेव्हा ग्रंथालयात लोक येत ते पंख्याखाली डबा खायला. पुस्तकांच्या कपाटांना कुलपं होती आणि एका कुलपाची किल्ली कुणाकडेच नव्हती. पहिले सहा महिने तिनं अक्षरशः माशा मारल्या. मग एका बुधवारी कसल्यातरी सहीसाठी ती मानसोपचार विभागाच्या बैठकीत गेली. सही मिळेना म्हणून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिली आणि बसल्या बसल्या ऐकायला लागली. एका सिस्टरनं विचारलं, अमुक गोळीनं पेशंटचं वजन वाढतंय, त्यावर काही करता येतं का? डॉक्टर म्हणाले, बघू. समुपदेशक म्हणाला, पहिल्या भेटीनंतर माणसं परत येतच नाहीत, बाहेर कुणी यावर काही केलंय का? पुन्हा बघू. तासाभरात नऊ वेळा बघू झालं. अंजनानं ते मोजले होते.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या नवांपैकी एक प्रश्न धरला आणि त्याचा पिच्छा पुरवला. जगभरच्या मासिकांत रोज ढिगानं निबंध छापून येतात, बारा तास उभं राहून ड्युटी केलेल्या सिस्टरनं ते वाचायचे कधी? शिवाय त्यातलं इंग्रजी असं की वाचणाऱ्याचे दात हालावेत. अंजना ते चिकाटीनं वाचायची, अडलं की विभागाच्या डॉ. ऋषिराजांच्या दारात उभी राहायची आणि सगळं एका पानावर सोप्या मराठीत उतरवायची. पानावर तीन रकाने होते: काय विचारलं, काय सापडलं, आणि कोणावर पाहिलं. ते पान गुरुवारी संध्याकाळी विभागाच्या टेबलावर गेलं आणि वाचलं गेलं. पुढच्या बुधवारी ती सही-बिही काही नसताना जाऊन त्याच स्टुलावर बसली. तिला उठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

बघता बघता हे गुरुवारचं पान विभागाच्या बाहेर पडलं. विभागाची शिबिरं सातारा जिल्ह्यातही भरतात, लोणंदला, दहिवडीला. तिथल्या समुपदेशकांना, आशाताईंना ते फोनवर जाऊ लागलं. दहिवडीच्या विश्वजितनं एका पानात वाचलं, की पहिल्या भेटीनंतर आठवड्याभरात कुणी नुसता चौकशीचा फोन केला तरी माणसं उपचार सोडत नाहीत. त्यानं मुंबईहून सुटीवर आलेल्या, शिबिरात एकदाच येऊन गेलेल्या माणदेशी गड्यांना फोन लावायला सुरुवात केली. महिन्यानं त्यानं भर बाजारातून ओरडून सांगितलं, "ताई, अकरा जण परत आलं!" त्या दिवशी अंजनानं ही बातमी डॉक्टरांना सांगितली, मावशांना सांगितली, आणि जाता जाता भाजीवालीलाही सांगितली. भाजीवालीनं तिला कोथिंबीर जास्त दिली, कारण काहीतरी चांगलं झालंय एवढं तिला कळलं होतं.

एकच तक्रार होती. फोनवर पान बारीक दिसायचं. मग अंजनानं फोनसाठी छोटं पान काढलं. त्यात काय विचारलं आणि काय सापडलं एवढंच ठेवलं, तिसरा रकाना गाळला. अक्षर मोठं झालं, लोक खूश झाले, आणि तीही स्वतःवर खूश झाली. शहाण्या माणसाची चूक होते ती बहुतेक अशा खुशीतच.

गेल्या वर्षी भाद्रपदातली गोष्ट. बुधवारची बैठक संपत आली होती आणि घड्याळात साडेचार वाजले होते. रेश्मा सिस्टर खुशीत होती. तिच्या एका पेशंटचं, ब्राह्मीचं, फार चांगलं चाललं होतं. ब्राह्मी सव्वीस वर्षांची, नदीपलीकडच्या गावातल्या जैन घरातली सून. तीन वर्षांपूर्वी तिचं मन इतकं उधळलं होतं की चार-चार दिवस झोप नाही, बडबड थांबेना, भर दुपारी रस्त्यावर पळत सुटलेली. गावात काही लोक तिला तोंडावर येडी म्हणत. लिथियमच्या गोळीनं ती सावरली आणि गेली अडीच वर्षं ठणठणीत होती. बरी झाले तर दशलक्षण पर्वाचे दहाही उपवास करीन, असं तिनं देवापुढं बोलून ठेवलं होतं. दहा दिवस अन्न नाही, दुपारी एकदाच उकळून गार केलेलं पाणी. ज्या गावानं आपल्याला येडी म्हटलं, त्याच गावानं पारण्याच्या दिवशी वाजतगाजत आपल्याला देवळात न्यावं, एवढंच तिला हवं होतं.

रेश्मानं सांगितलं, की ब्राह्मीनं आधी येऊन रीतसर विचारलं होतं. डॉक्टर त्या आठवड्यात रजेवर होते. रेश्मानं फोनमधली जुनी पानं चाळली आणि त्यात नेमकं सापडलं. उपवासाच्या महिन्यात लिथियमची रक्तातली पातळी स्थिर राहिली, असं स्पष्ट लिहिलं होतं. तिनं ते ब्राह्मीला दाखवलं, ब्राह्मीनं घरी दाखवलं, आणि आज चौथा उपवास होता.

अंजनाला इतका आनंद झाला की ती स्टुलावरून उठलीच. आपलं पान कुणाच्या नवसाला उपयोगी पडलं! तिला आणखी ऐकायचं होतं, म्हणून तिनं सहज विचारलं की रात्री ती पाणी किती पिते.

"रात्री?" रेश्मा म्हणाली. "आवं ताई, ती लोकं दिवस मावळल्यावर थेंब घेत न्हाईत."

हे अंजनाला माहीत होतं. तिच्या शेजारच्या जैन घरात साडेपाचला ताटं मांडतात, हे ती वर्षानुवर्षं बघत होती. माहीत असून तिनं ते इथं जोडलं नव्हतं. ती जिना चढली, या वेळी दोन-दोन पायऱ्या एकदम, आणि मूळ निबंध काढला. निबंध रोजे धरणाऱ्या माणसांवरचा होता. ती माणसं दिवसभर पाणी पीत नव्हती, पण सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत पोटभर खात-पीत होती आणि गोळीही तेव्हाच घेत होती. तिच्या मोठ्या पानाच्या तिसऱ्या रकान्यात हे तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. छोट्या पानात ते नव्हतं.

लिथियमचं गणित सरळ आहे. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ते औषध बाहेर पडत नाही, रक्तात साठत जातं, आणि ठरावीक रेषेपलीकडे गेलं की तेच विष होतं. आधी हात थरथरतात, पोट बिघडतं, तोल जातो, जीभ जड होते. पुढचं अंजनानं वाचलं नाही. ती खाली धावली.

डॉ. ऋषिराजांनी ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत, आणि त्याचीच अंजनाला जास्त भीती वाटली. त्यांनी सांगितलं, पुढची गोळी द्यायची नाही, मीठ-साखरेचं पाणी लगेच सुरू करायचं, आणि रक्त तपासायला तिला इथं आणायचं. घरच्यांचे फोन लागेनात. पर्वात सगळे देवळात, फोन बंद. दवाखान्याची गाडी लोणंदच्या शिबिराला गेलेली, ती यायला दोन तास होते. भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच झाले होते आणि सूर्य सहा-चाळीसला मावळणार होता. एकदा मावळला की ब्राह्मी उद्या दुपारपर्यंत तोंडात थेंब घेणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

अंजनाच्या स्कूटीवर दोघी निघाल्या. डिकीत ओआरएसची पाकिटं, रेश्माच्या पिशवीत बीपीचं यंत्र, आणि अंजनाच्या पदरात खोचलेलं ते मोठं पान. ते तिनं का घेतलं हे तिलाही सांगता आलं नसतं. पूल ओलांडला, तर पुढं वैरणीची ट्रॉली रस्ता अडवून उभी. रेश्मानं खाली उतरून ट्रॅक्टरवाल्याला असं काही सुनावलं की त्यानं गपगुमान ट्रॉली बाजूला घेतली. ते नर्सिंगच्या कोर्समध्ये शिकवत नसावेत.

घराच्या सोप्यात चंदनबाला बसल्या होत्या, ब्राह्मीच्या सासूबाई. देवळातून नुकत्याच आलेल्या, पांढरी साडी, चेहऱ्यावर सुनेचा अभिमान मावत नव्हता. शेजारच्या बाया ब्राह्मीला बघायला येऊन जात होत्या. ब्राह्मी आत भिंतीला टेकून बसली होती. रेश्मानं तिचा हात हातात घेतला, तर बोटं थरथरत होती. सकाळपासून दोन-तीनदा पोट बिघडलं होतं. बोलताना शब्द जड येत होते. घरच्यांना वाटत होतं की उपवासाचा अशक्तपणा आहे, आणि वाटणारच, चौथ्या दिवशी कुणालाही येतो.

रेश्मा बोलायला लागली, पण अंजनानं तिला थांबवलं. तिनं चंदनबालांना सांगितलं की हिला आताच्या आता पाणी द्यायला हवं, आणि दवाखान्यात न्यायला हवं. चंदनबाला म्हणाल्या, तुमच्याच दवाखान्यानं लिहून दिलं होतं ना, चालतंय म्हणून?

"व्हय काकू. ते मी लिहिलं होतं," अंजना म्हणाली. "चूक ब्राह्मीची न्हाई, सिस्टरची न्हाई, माझी हाय. ती माणसं रात्री पाणी पीत होती, आणि ते मी लिहायचं सोडलं."

तिनं पान पसरलं आणि तिसरा रकाना मोठ्यानं वाचून दाखवला. लाज वाटत होती, आणि त्या लाजेपेक्षा सोप्याच्या दारातून आत आलेलं पिवळं ऊन जास्त घाबरवत होतं.

ब्राह्मी रडायला लागली. ती म्हणाली, "म्हंजे परत तेच. हिच्यानं व्हायचं न्हाई, असंच सगळी म्हणणार." तीन वर्षांचं तिचं सगळं दुखणं त्या एका वाक्यात होतं. अंजना ग्रंथपाल होती, यावर तिच्याकडे कुठलाही निबंध नव्हता.

चंदनबाला उठल्या. आत जाऊन उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि सुनेसमोर मांडी घालून बसल्या. "शक्तीपरमाणं तप, असंच सांगितलंय आपल्यात," त्या म्हणाल्या. "चार झालं. ज्यांचा एकबी झाला न्हाई, त्या काय बोलतील ते मी बघते. दिवस मावळायला पंचवीस मिनिटं हायत. पी."

सोप्यातल्या दोघी-तिघींनी माना खाली घातल्या. ब्राह्मीनं सासूकडे बघितलं, आणि तांब्याला तोंड लावलं. रेश्मानं त्यात पाकीट मिसळलं होतं, ते खारट-गोड लागलं म्हणून तिनं तोंड वाकडं केलं. अंजनाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. दिवस मावळेपर्यंत एक लिटर पोटात गेलं होतं. मग शेजाऱ्यांची मोटार आली आणि ब्राह्मी दवाखान्यात पोचली.

रक्तातली पातळी रेषेच्या वर गेली होती. आणखी दोन दिवस असेच गेले असते तर मूत्रपिंडाला धक्का बसला असता, असं डॉ. ऋषिराज म्हणाले. सलाईन लागलं, आणि तिसऱ्या दिवशी ब्राह्मीची बोटं स्थिर झाली.

ब्राह्मीला आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता. अंजनाला एकानं सुचवलं की ते जुनं छोटं पान गुपचूप काढून टाक, कुणाला कळणार आहे? पण ते पान किती फोनांत गेलंय हे तिला कुठं माहीत होतं? तिनं नवं पान काढलं. वरच ठळक अक्षरात लिहिलं, "मागच्या वर्षीच्या पानात माझी चूक झाली आहे." काय गाळलं, का गाळलं आणि त्यामुळं काय झालं, सगळं ब्राह्मीचं नाव न घेता लिहिलं. खाली तीनही रकाने ठेवले, अक्षर बारीक झालं तरी. पाठवताना तिला वाटलं, इतक्या वर्षांचा विश्वास आज संपला.

दुपारपर्यंत एकही उत्तर आलं नाही. मग दहिवडीहून विश्वजितचा निरोप आला. ते फोन करायचं पान कोणावर पाहिलं होतं, शहरातल्या लोकांवर की गावाकडच्या? लोणंदहून एका आशाताईनं विचारलं, की वजनाच्या पानातल्या बाया किती वयाच्या होत्या. शनिवारपर्यंत तेवीस प्रश्न आले. लोकांनी पान टाकून दिलं नव्हतं, आता ते तपासून वाचायला लागले होते. अंजना ग्रंथालयात एकटीच टाळ्या वाजवत उठली आणि पंख्याखाली डबा खाणारा लेखनिक दचकला.

घरी जायच्या आदल्या दिवशी ब्राह्मीनं तिला वॉर्डात बोलावलं. पान तिच्या हातात होतं. तिनं विचारलं, "ताई, आमच्यासारख्यांवर कुणी बघितलंच न्हाई का? जी रात्री पाणी पीत न्हाईत?"

अंजनानं आठ दिवस शोधलं. पुण्याच्या, मुंबईच्या ग्रंथपालांना कामाला लावलं. काहीच हाती लागेना. दुसरी कुणी निराश झाली असती. ही जिना उतरून धावत गेली आणि डॉ. ऋषिराजांना म्हणाली, सर, काहीच नाही! कुठंच नाही! आजवर ती दुसऱ्यांनी शोधलेलं लोकांपर्यंत पोचवत आली होती. आता तिच्या हातात असा प्रश्न होता, ज्याचं उत्तर अजून कुणी शोधलंच नव्हतं. डॉक्टरांनी परवानग्यांची कागदपत्रं मागवली. पेशंटना उपाशी ठेवून काही बघायचं नव्हतं. पर्वात गोळीचं आणि पाण्याचं कोण काय करतं हे आधीच विचारायचं, आणि उपवास सोसणार नसेल तर दिवसा भरपूर पाणी आणि एक वेळचं जेवण देऊन रक्त तपासत राहायचं, असं ठरलं. पण मुळात माणसं मिळणार कुठून? गोळी घेते असं गावात कोण कबूल करेल?

यंदा पर्वाच्या पंधरा दिवस आधी देवळाशेजारच्या सभागृहात फक्त बायांची बैठक भरली. पस्तीस-चाळीस बाया होत्या. रेश्मा बोलली, अंजना बोलली. गोळ्या कोण घेतं असं विचारलं, एकही हात वर झाला नाही. तेव्हा ब्राह्मी उठली आणि म्हणाली, "मी लिथियम घेते. चार वर्षं होत आली. गेल्या वर्षी चार उपवास केले, आणि पाचव्याला मेली असते." एवढं बोलून ती बसली.

मग पहिल्या ओळीत एक हात वर झाला. तो चंदनबालांचा होता.

त्यांनी सुनेकडे बघितलं नाही. त्या म्हणाल्या, "माझ्याबी गोळ्या हायत. मन लय खाली जातं, त्याच्या. सहा वर्षं झाली. पर्वात धा दिवस बंद ठेवते, आणि मग महिनाभर उठवत न्हाई. कुणाला सांगितलं न्हाई."

ब्राह्मी सासूकडे बघतच राहिली. एका घरात, एका स्वयंपाकघरात, दोघी आपापल्या गोळ्या लपवून बसल्या होत्या. मागून दुसरा हात आला, मग खांबाजवळून तिसरा. एक हात अर्ध्यावर थांबला, शेजारणीनं तो धरून वर नेला. अंजना मोजत होती. नऊ झाले.

बैठक संपल्यावर चंदनबाला तिच्याजवळ आल्या आणि विचारलं, "आता आमच्यावरचं पान कवा निघणार?"

येत्या गुरुवारी नाही, असं अंजनानं खरं ते सांगितलं. रक्त तपासायचं, लिहायचं, दुसऱ्यांनी ते पारखायचं, दोन वर्षं तरी जातील.

"जाऊ देत," चंदनबाला म्हणाल्या आणि सुनेचा हात धरला. "आमी हायच की."